रस्त्यांची आठवण कशी मोजावी?

वार्धक्यातील विस्मरण हा मराठी मध्यमवर्गीय घरांत आजवर बहुधा विनोदाचा विषय होता. आता तो चिंतेचा विषय झाला आहे. भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असावे आणि अशा व्यक्तींची संख्या सुमारे ८८ लाख असावी, असा अंदाज देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुर्मान वाढले की हा आकडा वाढणार हे उघड आहे. साहजिकच रक्तदाब आणि साखर यांच्याप्रमाणे स्मृतीचीही तपासणी व्हावी, अशी मागणी होत आहे. ही मागणी रास्तच आहे. परंतु रक्तदाब मोजण्याचे यंत्र माणसाचे शिक्षण किती, तो खेड्यातला की शहरातला, स्त्री की पुरुष, असे काही विचारीत नाही. स्मृती मोजण्याच्या साधनांना मात्र या सर्व गोष्टींचा स्पर्श होतो. आणि स्थळांची व वाटांची जी स्मृती असते, म्हणजे जिला स्थलस्मृती म्हणता येईल, तिच्या बाबतीत तर तो सर्वाधिक होतो.

समजा, जन्मभर मावळात राहिलेली एक वृद्धा मुलाकडे पुण्याच्या उपनगरात राहावयास आली. गावाकडचा प्रत्येक ओढा, बांध आणि पायवाट ती डोळे मिटून सांगू शकते. येथे मात्र एकाच रंगाच्या सहा इमारती, प्रत्येकीला एकसारखे जिने आणि प्रत्येक मजल्यावर एकसारखी चार दारे. एके दिवशी ती भाजी घेऊन परतताना दुसऱ्याच इमारतीतील दार ठोठावते. घरचे लोक घाबरतात व तिला तपासणीस नेतात. तेथे तिच्यासमोर कागद ठेवून त्यावरील आकृती पाहून तशीच काढावयास सांगितले जाते. पेन्सिल तिच्या हाती बहुधा प्रथमच आलेली असते. गुण अर्थातच कमी पडतात. या कमी गुणांनी नेमके काय मोजले? तिची स्मृती, तिला न मिळालेले शालेय शिक्षण, की इमारती बांधणाऱ्याची कल्पनाशून्यता?

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. एक निवृत्त शिक्षक तीच आकृती सुबकपणे काढतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. रोज संध्याकाळी ते तीस वर्षांच्या परिचयाच्या रस्त्याने देवळात जाऊन येतात, म्हणून घरचे निर्धास्त असतात. प्रत्यक्षात बँकेची शाखा नव्या जागी गेल्यापासून त्यांना ती सापडेनाशी झाली आहे, आणि संकोचामुळे ते हे कोणास सांगत नाहीत. पहिल्या उदाहरणात निरोगी व्यक्तीवर रोगाचा शिक्का बसतो. दुसऱ्यात रोगाची पहिली खूण नजरेतून निसटते. संख्याशास्त्रात चुकांचे हे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. कोणतीही कसोटी या दोन्हींपासून पूर्णपणे मुक्त नसते हे खरे. तथापि कोणती चूक कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो न्यायाचाही होतो.

ठोकळे, आकृती आणि नकाशा

प्रौढ व्यक्तींची स्थलस्मृती मोजण्याची जी साधने आज प्रचलित आहेत, त्यांतील बरीचशी टेबलावर मावणारी आहेत. फिलिप कॉर्सी यांनी १९७२ मध्ये मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधातील कसोटी सर्वांत सोपी म्हणता येईल. एका फळीवर नऊ ठोकळे बसवलेले असतात. परीक्षक त्यांपैकी काहींना एका विशिष्ट क्रमाने बोट लावतो आणि समोरच्या व्यक्तीने तोच क्रम पुन्हा करून दाखवावयाचा असतो. क्रम हळूहळू लांबवत नेतात. निरोगी प्रौढाची मजल सामान्यतः पाच-सहा ठोकळ्यांपर्यंत जाते. दुसरी कसोटी आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडली व ओस्टररीथ यांनी १९४४ मध्ये तिला गुणपद्धती दिली. एक गुंतागुंतीची भौमितिक आकृती प्रथम पाहून काढावयाची आणि काही वेळाने न पाहता आठवून काढावयाची, असे तिचे स्वरूप. आकृतीचे अठरा भाग आणि एकूण छत्तीस गुण.

ही साधने निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. ती स्वस्त आहेत, अल्पावधीत वापरता येतात आणि जगभरच्या आकड्यांशी तुलना करू देतात. मात्र त्यांतील अवकाश एका जागी बसून, एका दृष्टिक्षेपात दिसणारा आहे. गाव किंवा शहर असे एका दृष्टिक्षेपात कधीच दिसत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी अनुभवास येते आणि मनात जोडले जाते. ही जोडणी म्हणजे केवळ वळणांची साखळी नसून तिला नकाशाचे स्वरूप असते, असे प्रतिपादन एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे केले. या नकाशाचा मेंदूतील पत्ता १९७१ मध्ये लागू लागला. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या उंदीर विशिष्ट जागी असतानाच उद्दीपित होतात. पुढे २००५ मध्ये माय-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेने अंतर व दिशा यांची जणू जाळीच आखणाऱ्या पेशी शोधल्या. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात ज्या भागांची हानी सर्वांत आधी होते, त्यांत हिप्पोकॅम्पस व त्यालगतचा भाग येतो. वाट चुकणे हे या रोगाचे आरंभीचे लक्षण का असते, ते यावरून समजते.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या अभ्यासाने यात आणखी एक महत्त्वाची भर घातली. हिप्पोकॅम्पसची मोठी हानी झालेला हा वृद्ध गृहस्थ ज्या परिसरात लहानाचा मोठा झाला तेथील वाटा इतरांइतक्याच अचूकपणे सांगू शकत होता. मात्र आजारानंतर जेथे तो राहावयास गेला त्या परिसराचे त्याला काहीही ज्ञान झाले नव्हते. जुनी वाट आणि नवी वाट या स्मृतीच्या दृष्टीने एक वस्तू नव्हेत. निवृत्त शिक्षकांच्या देवळाच्या फेरीवर विसंबून राहणे धोक्याचे का, याचे उत्तर येथे मिळते.

लंडनच्या टॅक्सीचालकांची साक्ष

खऱ्या शहराच्या स्मृतीची, परीक्षा म्हणून घेतली जाणारी सर्वांत प्रसिद्ध मोजणी लंडनमध्ये होते. तेथील काळ्या टॅक्सीच्या चालकाला परवान्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिला नुसते ‘ज्ञान’ असेच म्हणतात. १८६५ पासून ती चालू आहे. चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरील हजारो ठिकाणे उमेदवाराला तोंडपाठ असावी लागतात. तयारीसाठी ३२० मार्ग नेमून दिलेले आहेत. मॅनॉर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर हा परंपरेने त्यांतील पहिला. उमेदवार बहुधा मोपेडवरून हे मार्ग पुनःपुन्हा पालथे घालतात. मग नकाशा न पाहता, परीक्षकासमोर बसून, कोणत्या रस्त्याने निघावे, कोठे डावीकडे वळावे, कोणता पूल ओलांडावा हे क्रमाने सांगावे लागते. दोन तोंडी परीक्षांमधील अंतर प्रथम ५६ दिवसांचे, मग २८ आणि शेवटी २१ दिवसांचे असते. साऱ्याला तीन-चार वर्षे लागतात आणि अनेक जण मध्येच सोडून देतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधक एलेनॉर मॅग्वायर (यांचे २०२५ मध्ये निधन झाले) यांनी या चालकांना अभ्यासाचा विषय केले. सोळा चालकांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे टॅक्सी न चालवणाऱ्या पन्नास व्यक्तींच्या चित्रांशी ताडून पाहिली असता चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग मोठा आणि पुढील भाग लहान आढळला. उजव्या बाजूचा मागील भाग व्यवसायातील वर्षांबरोबर वाढलेला दिसला. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. वाहतुकीत घालवलेल्या दिवसाचाच तर हा परिणाम नसेल, अशी शंका घेणे रास्त होते. म्हणून २००६ मध्ये मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅक्सीचालकांची तुलना लंडनच्याच बसचालकांशी केली. दोघेही त्याच गर्दीत, त्याच ताणात वाहन हाकतात. मात्र बसचा मार्ग ठरलेला असतो, टॅक्सीचा नसतो. मेंदूतील फरक टॅक्सीचालकांतच दिसला.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र तितका गाजला नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक बोधप्रद आहे. लंडनच्या खुणांचे ज्ञान टॅक्सीचालकांना अधिक होते. पण रे यांची आकृती काही वेळाने आठवून काढावयास सांगितली तेव्हा ते बसचालकांच्या मागे पडले. मेंदूच्या भांडवलातही संधित्याग-खर्च असतो, असा याचा अर्थ लावता येईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ असणारा माणूस कागदावरच्या कसोटीत कमी गुण मिळवतो. त्याची परीक्षा केवळ कागदावर घेतली असती, तर त्याची स्थलस्मृती सामान्याहून दुबळी ठरली असती. आकृती आणि शहर यांचे माप एकच आहे, हे गृहीत धरण्यास आधार राहत नाही.

निवड की परिणाम?

टॅक्सी चालवल्याने हा बदल होतो, की ज्यांच्या ठायी ही शक्ती मुळातच असते तेच टॅक्सी चालवतात? शिक्षणाने उत्पादकता वाढते की मुळात हुशार असणारेच पदवी मिळवतात, हा अर्थशास्त्रातील जुना वादही नेमका याच जातीचा आहे. त्याचे उत्तर एका क्षणाच्या तुलनेने मिळत नाही. तीच माणसे काळाच्या दोन टोकांना मोजावी लागतात. मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी तेच केले. तयारीस आरंभ करणारे ७९ उमेदवार आणि तुलनेसाठी ३१ इतर यांची प्रथम मोजणी झाली. त्या वेळी त्यांच्यात फरक नव्हता. काही वर्षांनी ३९ उमेदवार उत्तीर्ण झाले. पुन्हा मोजणी केली असता मेंदूतील वाढ या उत्तीर्णांतच दिसली. अनुत्तीर्णांत ती नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एवढे दाखवले, की प्रौढ वयातही मेंदू नव्या वाटा शिकताना बदलतो. पन्नाशीनंतर काही शिकता येत नाही असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मात्र याच उत्साहात उडी मारण्याचा मोह आवरला पाहिजे. २०२४ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतील सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४४३ व्यवसायांची तुलना केली असता टॅक्सीचालक आणि रुग्णवाहिका-चालक यांच्यात अल्झायमरमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. टॅक्सीचालकांच्या १६,६५८ मृत्यूंपैकी १७१ मृत्यू, म्हणजे १.०३ टक्के, अल्झायमरमुळे झालेले होते. बसचालकांत व वैमानिकांत असे कमी प्रमाण आढळले नाही. हा आकडा ऐकून वाटा पाठ करण्याचे वर्ग काढणारे निघाले तर आश्चर्य नाही. परंतु हा अभ्यास केवळ निरीक्षणाचा आहे. ज्यांना आरंभापासूनच वाटा लक्षात ठेवणे जमत नाही ते या व्यवसायात येत नाहीत वा टिकत नाहीत, ही शक्यता त्यात शिल्लक राहते. अभ्यासकांनी स्वतःही कार्यकारणाचा दावा केलेला नाही.

बाजाराला असा संयम परवडत नाही. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या जाहिरातींतील दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात १९७५ मध्ये एक इशारा दिला होता. नियंत्रणासाठी एखाद्या मापावर भार टाकला की त्या मापातील नियमितता ढासळते, असा त्याचा आशय. ठोकळ्यांच्या कसोटीचा सराव केला तर ठोकळ्यांतील गुण वाढतील. घरचा रस्ता त्यामुळे सापडेलच असे नाही.

मोठ्या आकड्यांनी काय सांगितले?

टेबलावरच्या कसोटीची मर्यादा ओलांडण्याचा एक मोठा प्रयत्न २०१६ मध्ये झाला. ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाईलवरील खेळ संशोधनासाठीच तयार करण्यात आला. खेळणाऱ्याने आधी नकाशा पाहून घ्यावयाचा आणि मग नाव हाकीत ठरलेली ठिकाणे क्रमाने गाठावयाची. बोटे चालवण्याचे कौशल्य वेगळे काढता यावे म्हणून आरंभीच्या सोप्या पातळ्यांचा उपयोग केला गेला. चाळीस लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळले. ५७ देशांतील साडेपाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वयाबरोबर गुण घटत जातात हे तर दिसलेच. पण देशाचे दरडोई उत्पन्न आणि गुण यांचाही संबंध दिसला. स्त्री-पुरुषांच्या गुणांतील अंतर सर्वत्र सारखे नव्हते. जेथे स्त्री-पुरुष विषमता अधिक, तेथे हे अंतर अधिक होते. स्त्रियांना रस्ते लक्षात राहत नाहीत, असे जे सर्रास म्हटले जाते त्याचा विचार या प्रकाशात करावयास हवा. जिला एकटीने घराबाहेर पडण्याची मुभाच मिळाली नाही, तिच्या मनात गावाचा नकाशा यावा कोठून?

याच माहितीवर आधारलेला, ३८ देशांतील जवळपास चार लाख व्यक्तींचा आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. शहराबाहेर वाढलेल्या व्यक्तींची वाटा शोधण्याची शक्ती सरासरीने सरस दिसली. विशेषतः बुद्धिबळाच्या पटासारखे आखीव रस्ते असलेल्या शहरांत वाढलेल्यांपेक्षा. बालपणाचा परिसर प्रौढपणीच्या स्मृतीत असा उतरतो. मग प्रौढाला मोजताना त्याचे बालपण हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. या खेळाचा उपयोग केवळ कुतूहलापुरता राहिला नाही, हेही नमूद करावयास हवे. अल्झायमरचा धोका वाढवणारे जनुक अंगी असलेल्या, पण नेहमीच्या स्मृतिकसोट्यांत निरोगी ठरणाऱ्या व्यक्ती या खेळात वेगळ्या मार्गांनी जातात, असे २०१९ मध्ये दिसून आले. म्हणजे योग्य माप हाती असेल तर रोगाची चाहूल लवकर लागू शकते. कसोटीची निवड का महत्त्वाची, ते यावरून स्पष्ट व्हावे.

दांडेकर-सुखात्मे वादाचा धडा

मापाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्यातून भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी एक मूलगामी आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते. म्हणून सरासरीच्या खाली दिसणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित ठरवणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी ते मान्य केले नाही व वाद वर्षानुवर्षे चालला. भुकेच्या प्रश्नात त्या वादाचा निकाल काहीही लागो. मोजमापाचा त्यातील धडा मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावा असा आहे. समूहासाठी आखलेली रेषा व्यक्तीवर जशीच्या तशी ठेवता येत नाही, आणि एका दिवसाच्या मोजणीवरून माणसाची प्रकृती ठरत नाही.

स्मृतीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. झोप न झालेली रात्र, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, पतिनिधनाचे दुःख, अनोळखी डॉक्टरांसमोर बसण्याची भीती, यांपैकी कशानेही गुण दोन-चारांनी खाली येऊ शकतात. त्यात शिक्षणाचा भाग मिळवावा. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची मानसिक स्थितीची कसोटी आजही जगभर वापरली जाते. परस्परांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची नक्कल करणे हा तिचाच एक भाग. हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या अभ्यासकांना निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी ती तशीच वापरणे अशक्य वाटले, आणि त्यांनी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप सिद्ध केले. ते केवळ भाषांतर नव्हते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना अर्थ लागेल अशा रीतीने प्रश्नच बदलले होते. हा मार्ग योग्य होता आणि मराठी मुलखात तो पुढे न्यावयास हवा.

भाषेचा मुद्दाही गौण नाही. पियरे दासेन आणि रमेशचंद्र मिश्र यांनी वाराणसी, नेपाळ, बाली येथील मुलांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१० मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात डावे-उजवे यांऐवजी पूर्व-पश्चिम अशा दिशांनी विचार करण्याची रीत अनेक समाजांत स्वाभाविक असते, असे दाखवले आहे. मराठी खेड्यांतही ‘उगवतीकडचे शेत’, ‘वरची आळी’, ‘खालची आळी’ अशीच भाषा चालते. अशा माणसाला ‘तुमच्या डाव्या हाताला काय होते?’ असे विचारून तो गोंधळला तर दोष त्याच्या स्मृतीचा नव्हे, प्रश्नाचा आहे.

आपली कसोटी

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवसायातील बहुतेक माणसे पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेली. डब्याच्या झाकणावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या संकेतांत उतरण्याचे ठिकाण, इमारत, मजला यांची माहिती असते. ज्या घरातून डबा उचलला त्याचा संपूर्ण पत्ता मात्र त्यावर नसतो. तो रोज तीच फेरी करणाऱ्याच्या डोक्यात असतो. काय झाकणावर लिहावे आणि काय माणसाच्या स्मृतीवर सोपवावे, याची ही वाटणी कोणत्याही प्रयोगशाळेने आखून दिलेली नाही. अनुभवाने ती बसली आहे. स्थलस्मृती ही केवळ मेंदूत नसते, ती कामाच्या रचनेत असते, हे त्यावरून कळते.

आज ही वाटणी मोबाईलने उलटी केली आहे. दिशा सांगणारा आवाज खिशात असल्यावर रस्ता लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही. मॉन्ट्रियलमधील पन्नास वाहनचालकांच्या एका अभ्यासात (२०२०) अशा साधनाचा वापर ज्यांचा अधिक, त्यांची स्थलस्मृती कमी दिसली. तीन वर्षांनी त्यांपैकी तेरा जणांना पुन्हा मोजले असता अधिक वापराबरोबर अधिक घट आढळली. तेरा ही संख्या अगदी लहान आहे, तेव्हा यावरून घबराट करण्याचे कारण नाही. गणकयंत्र आले म्हणून हिशेब बुडाला नाही. पण ज्या कौशल्याला बाजारात किंमत उरत नाही त्याचा सराव सुटतो, आणि सराव सुटला की ते कौशल्य उतारवयात हवे तेव्हा हाती राहत नाही, हा विचार तरुणांनीही करावयास हवा.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वृद्धांच्या तपासणीत कागदाच्या जोडीला चालण्याची कसोटी असावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात वा रुग्णालयाच्या मार्गिकांतून तीन-चार वळणांची एक नवी फेरी घडवावी, अर्ध्या तासाने तीच फेरी एकट्याने करावयास सांगावी आणि प्रवेशद्वार कोणत्या दिशेला आहे ते हाताने दाखवावयास सांगावे. याला यंत्र लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. एक प्रशिक्षित परिचारिका पुरते. कसोटी नव्या वाटेची असावी हे महत्त्वाचे, कारण जुन्या वाटा रोगातही बराच काळ टिकून राहतात. दुसरी गोष्ट, निष्कर्ष एका मोजणीवर काढू नये. साठीच्या सुमारास एकदा मोजावे आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजावे. माणसाची तुलना प्रथम त्याच्या स्वतःशी व्हावी आणि मग सरासरीशी. तिसरी गोष्ट, सरासरी काढावयाची ती शिक्षण, लिंग, ग्रामीण-नागरी वास्तव्य यांनुसार वेगवेगळी काढावी. विद्यापीठांच्या मानसशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी मिळून करावे असे हे काम आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही त्याचा आरंभ होऊ शकेल.

यावर असा आक्षेप येईल, की प्रत्येक केंद्राची फेरी वेगळी असल्याने गुणांची तुलना करता येणार नाही आणि शास्त्र सैल होईल. आक्षेपात तथ्य आहे. ठोकळ्यांची फळी पुण्यात आणि मॉन्ट्रियलमध्ये सारखीच असते. दवाखान्याच्या ओसऱ्या तशा नसतात. परंतु फेरीची लांबी, वळणांची संख्या आणि मधला अवधी हे निश्चित करता येतात, आणि टेबलावरच्या कसोट्याही सोबत ठेवता येतात. अचूकपणे मोजलेली गैरलागू गोष्ट आणि ठोकळमानाने मोजलेली लागू गोष्ट यांतून निवड करण्याची वेळ आली, तर दुसरीचा स्वीकार करणे शहाणपणाचे आहे. आर्थिक धोरणात तेच करावे लागते आणि वैद्यकातही ते कमीपणाचे मानण्याचे कारण नाही.

मावळातून आलेल्या त्या वृद्धेला अशा फेरीनंतर आपले दार सापडेल, किंवा सापडणारही नाही. सापडले, तर तिला वेडी न ठरवता इमारतीच्या दारावर एखादी ठळक खूण रंगवून देणे एवढाच उपाय पुरेल. न सापडले, तर उपचाराला व काळजीला वेळेवर सुरुवात होईल. दोन्ही परिस्थितींत तिचे कल्याणच आहे. मोजमाप करावयाचे ते माणसाला वाट दाखवण्यासाठी. त्याची वाट बंद करण्यासाठी नव्हे.